तीन रिकामे चौकोन

भाचीच्या लॅपटॉपवर तीन करडे चौकोन दिसत होते. प्रत्येकाखाली लिहिलेलं, ‘इथे तुमचं काम टाका’. मृण्मयी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. नोकरीच्या मुलाखतींआधी आपलं काम दाखवणारी वेबसाइट हवी, असं कॉलेजनं सांगितलंय. सुट्टीभर ती एकच ठरवतेय: साइट साध्या एचटीएमएलमध्ये करायची, वर्डप्रेसवर, की रिअ‍ॅक्टमध्ये. बांधते आणि मोडते. चौकोन मात्र दर वेळी तेच.

“यांत काय येणार?” मी विचारलं.

“ते नंतर, मामा. आधी टेक्नॉलॉजी ठरू दे.”

“कॉलेजातले प्रोजेक्ट टाक की.”

“ते सगळ्या वर्गाचे सारखेच आहेत.”

माझं लक्ष हॉलमधल्या शोकेसकडे गेलं. सुताराच्या मागे लागून काचा, आरसा, आतले दिवे, सगळं हौसेनं करून घेतलं होतं. आज तिथे आहेरात आलेला कपांचा सेट आणि माझ्या गोळ्यांची पाकिटं आहेत. मांडण्याजोगं काहीतरी आपोआप साठत जाईल, असं तेव्हा धरून चाललो होतो. आतले दिवे लावणं कधी बंद झालं, तेही आठवत नाही.

बऱ्याच वेळानं ती स्क्रीनकडे बघतच म्हणाली, “मामा, दाखवायला काहीच नसेल, तर यातलं कुठलं बरं पडेल?”



शेवटी तिनं रिअ‍ॅक्ट घेतलं. आता पान उघडलं की ते तीन चौकोन एकामागून एक अलगद सरकत येतात, आणि रिकामेच उभे राहतात.