पिवळ्या दोऱ्याच्या शेवया

शेवयावाली खाला कोणाचं आडनाव कधी विचारत नसे. गल्लीत नवी सून आली की ती माहेर विचारायची आणि तेच तिचं नाव ठेवायची. मी लग्न होऊन अकोल्याला आले, तेव्हापासून तिच्यासाठी 'वलगाव' झाले. शेजारच्या काकू 'परतवाडा'. "ए वलगाव, पीठ भिजवलं का नाई?" ही हाक गल्लीच्या टोकापर्यंत जायची आणि मी पदर ओढून आत पळायची.

उन्हाळा लागला की तिच्या ओट्यावर शेवयांचं मशीन निघायचं. ती ते लाकडी बाकाला घट्ट आवळायची आणि हाताने दांडा फिरवायची. सगळ्या घरांची पिठं तिथेच यायची. एकीच्या शेवया दुसरीच्यात जाऊ नयेत म्हणून वाळत घालायच्या काडीला ती घराघराचा वेगळा दोरा बांधायची. काकूंचा लाल, आमचा पिवळा. वाळल्यावर गाठोड्यालाही तोच दोरा. मात्र गाठ मारण्याआधी ती प्रत्येक घरची एक मूठ आपल्या डब्यात टाकायची. ईदला त्याच शेवयांचा शीरखुर्मा करून घरोघरी वाटी पाठवायची. म्हणायची, "वेगळं कराले दोरा हाय न. पण वाटीत कोणता दोरा दिसते बावा?"

माझ्या पहिल्या उन्हाळ्यात माझा नंबर आला, तेव्हा काकू हळूच म्हणाल्या, "खाला, हिचं शेवटी घे न. मंग मशीन धुऊनच ठेवता येईन." आम्ही बौद्ध. त्या काय म्हणत होत्या ते मला कळलं. मी परात उचलून निघालेच होते. खालाने दांडा थांबवला.

"परतवाडा, नंबर कोणाचा हाय?"

"तिचा."

"मंग तू कावून बोलून राह्यली? सरक, हवा येऊ दे."

बाया हसल्या. माझं पीठ लागलं आणि माझ्या मागून, त्याच मशीनवर, काकूंचं. काकू शेवया घेऊन गेल्या. पुढे आमची भाजीची वाटी भिंतीवरून जाऊ-येऊ लागली. त्या दिवसाचा विषय आम्ही दोघींनी कधी काढला नाही.

मग एका वर्षी शहरात गडबड झाली. आमच्या गल्लीत काहीच झालं नाही, एक दगडसुद्धा नाही. तरी त्यानंतर एकेक मुसलमान घर रेल्वेलाइनच्या पलीकडे गेलं आणि पलीकडची हिंदू घरं इकडे आली. कोणी कोणाला जा म्हटल्याचं मी ऐकलं नाही. सगळे म्हणायचे, "ज्याले त्याले आपल्या लोकांत बरं वाटते." खालाचं एकच घर उरलं. त्या ईदला तिने वाट्या पाठवल्या. नव्या घरांपैकी दोघांनी त्या घेतल्या नाहीत. आज उपास आहे, म्हणाले.

एका दुपारी मला ओट्यावर बसवून तिने विचारलं, "वलगाव, तू सांग. पोरगं म्हणते, तिकडं आपले लोक हाय. मंग इतके दिवस हे कोण होते? राहू का जाऊ?"

मला म्हणायचं होतं, जाऊ नका. पण उद्या तिला काही झालं तर? आणि थांबा म्हणणारी मी कोण? माझ्या घरात मलाच कोणी काही विचारत नाही. मी दांड्याकडे बघत राहिले. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. मग उठली आणि म्हणाली, "बस, चाय मांडते."

महिनाभरात घर विकलं गेलं. मशीन ऑटोत ठेवताना तिने सगळ्यांना हाका मारल्या, परतवाडा, वलगाव. मी दारातूनच हात हलवला.

यंदा मी पीठ घेऊन तिच्याकडे गेले. ऑटोवाला म्हणाला, "तिकडं काय काम हाय बाई तुमचं?" मी म्हटलं, "शेवया." त्याने आरशातून दोनदा बघितलं.

तिच्या नव्या ओट्यावरही बायांची गर्दी होती. "ए वलगाव!" ती ओरडली आणि सगळ्या वळून बघू लागल्या. माझा नंबर आला तेव्हाच तिने माझं पीठ घेतलं. दुपारच्या उन्हात शेवया वाळल्या. तिने एक मूठ डब्यात टाकली, गाठोडं बांधलं आणि पिवळा दोरा काढला. "तुहा रंग इथं कोणालेच देला नाई मी."

तेव्हा तरी बोलायचं होतं. पण मी गाठोडं उचललं आणि ऑटो बघायला निघाले.

परतले तर गल्लीच्या तोंडाशी नव्या शेजारणी बसलेल्या होत्या. "कुठून आणल्या शेवया?" एकीने विचारलं.

"दुकानातून," मी म्हटलं. असं का म्हटलं, ते मला अजून कळत नाही.

काकू मागून घरापर्यंत आल्या. दार लोटून घेतलं आणि गाठोड्यावरच्या दोऱ्यावर बोट फिरवलं.

"कशी हाय ती?"

"बरी आहे."

"मले विचारलं का?"

मी मान हलवली, हो की नाही ते माझं मलाच ठरवता आलं नाही. काकू दोरा सोडेनात. मग अगदी हळू म्हणाल्या, "माहा लाल ठेवला असन का वं तिनं?"

ते मी बघितलंच नव्हतं. तिला थांब म्हणायला काकूही होत्या, मीही होते. मग आम्ही दोघी कोणाच्या तोंडाकडे बघत बसलो होतो?