मागून हाक आली नाही

त्या डॉक्टरने मला मागून एक हाक मारायला हवी होती. हे मी इतक्या लोकांना सांगितलं आहे की आता मी सुरुवात केली की घरचे उठून आत जातात. तरी सांगतो.

माझा थोरला भाऊ भोपाळला कारखान्यात फिटर होता. वडील गेल्यावर नागपूरकडचं गाव सोडून तो नोकरीसाठी इथे आला, तेव्हा मलाही बरोबर घेऊन आला. कारखान्याच्या वसाहतीतल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये तो, वहिनी आणि मी राहायचो. शिक्षणात माझं डोकं चाललं नाही. पाडलेल्या घरांची जुनी दारं-खिडक्या घेऊन मी विकायला लागलो आणि पुढे जवाहर चौकाजवळ स्वतःचं दुकान टाकलं. आयुष्यात मला कोणी आयतं काही दिलं नाही. दादाने दिलं, ते वेगळं.

माझ्या धंद्यात एकच विद्या कामाची आहे, ती म्हणजे वेळेवर उठणं. समोरचा अडून बसला की वाद घालायचा नाही. "राहू द्या" म्हणायचं, चपला घालायच्या आणि चालायला लागायचं. वळून बघायचं नाही. बघितलंत की तुम्ही संपलात. रस्ता ओलांडायच्या आत मागून हाक येते. या विद्येवर मी दुकान उभं केलं, परवाने काढले, माझं लग्नसुद्धा असंच ठरलं. सासरे बसस्टॉपपर्यंत मागे आले होते.

भोपाळमध्ये एप्रिल लागला की घरोघरी कूलर बाहेर निघतात. दादा फिटर, त्यामुळे आजूबाजूच्या चार घरांचे कूलर तोच लावून द्यायचा आणि आपला सगळ्यात शेवटी. लग्नानंतर मी वेगळा राहत होतो, त्या रविवारी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. पहिल्या मजल्याच्या खिडकीबाहेरच्या छज्ज्यावर उभा राहून तो लोखंडी स्टँड आवळत होता. मी आतून पाना देत होतो. पाना घ्यायला त्याने हात पुढे केला आणि तो खिडकीत दिसेनासा झाला. आवाज फार मोठा झाला नाही. गव्हाचं पोतं टाकल्यासारखा झाला.

खाली फुलझाडांच्या वाफ्याला तिरप्या विटांची कड होती. दादा तिच्यावर पाठीवर पडला होता. मी धावत गेलो आणि त्याला बसता करायला काखेत हात घातले. तेवढ्यात तळमजल्यावरची केरळी नर्स ओरडली, "हाथ मत लगाइए." ती वसाहतीच्या दवाखान्यात कामाला होती. माझे हात तिने अक्षरशः झटकून काढले. मग विचारलं, घरात सपाट फळी आहे का. माझ्या टेम्पोत सागाचं एक दार पडलेलं होतं, ते आणलं. तिने दादाचं डोकं दोन्ही हातांत धरलं, शेजारचे चौघे वाकले, आणि तिच्या इशाऱ्यावर सगळं अंग एकदम, कुठेही न वाकवता, दारावर घेतलं. चादरींनी बांधलं. दवाखाना दोन गल्ल्यांवर होता; दुकानातला माझा माणूस टेम्पो घेऊन पुढे गेला. तिथपर्यंत लोकांनी ते दार खांद्याच्या उंचीवर धरून पायी नेलं. इतकं सावकाश की मला राग येत होता.

दवाखान्यात त्या दिवशी एक तरुण डॉक्टर होता. त्याने दादाला दारावरून उतरवलंच नाही, तसाच एक्स-रे काढला. तळपायाला टाचणी टोचून विचारलं, कळतं का. दादा म्हणाला, कळतं. मग पायाची बोटं हलवायला सांगितली. दादाने हलवली, दोन्ही पायांची. ती मी पाहिली आहेत. पुढचं सगळं कोणी काहीही म्हणो, ती दहा बोटं त्या वेळी हलत होती.

डॉक्टरने मला बाजूला घेऊन समजावलं की कमरेच्या वरचा मणका फुटलाय, तुकडा मज्जारज्जूला टेकलाय, पण रज्जू अजून वाचलेला आहे. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन करावं लागेल. अँब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती, यायला दोन तास लागणार होते. तोपर्यंत हलवायचं नाही.

मी भाव करायला लागलो. दोन नाही, एक तास करा. गेस्ट हाउसची जीप मागवा. मोठ्या साहेबांना फोन लावा. तो प्रत्येक गोष्टीला शांतपणे नाही म्हणत होता आणि त्या शांतपणानेच माझं डोकं फिरलं. मला वाटलं, याच्याकडे गाडी आहे, माझ्यासारख्या दारं विकणाऱ्यासाठी तो ती काढत नाही. साहेबाचा भाऊ असता तर काढली असती. मी म्हणालो, "रहने दीजिए. मैं अपनी गाड़ी में ले जाता हूँ."

तो म्हणाला, "मैं मना कर रहा हूँ." आणि त्याने कागद पुढे केला की पेशंटला आपल्या जबाबदारीवर नेत आहोत. मी सही केली. चपला घालाव्यात तशी केली.

वहिनी म्हणाली, "भाऊजी, थांबूया ना. दोनच तास तर आहेत." मी तिला गप्प बसवलं. शेजाऱ्यांना दार उचलायला लावलं. नर्स डॉक्टरशी काहीतरी बोलत होती. मी पुढे चालत होतो आणि माझे कान मागे होते. व्हरांडा संपला. पायऱ्या आल्या. टेम्पोचा फाळका उघडला. आत दुसरा पेशंट आला असावा, कारण डॉक्टरचा आवाज आला तो त्याच्याशी बोलताना. त्या क्षणी मी वळू शकत होतो. कोणी धरलं नव्हतं. पण मी कधी वळलेलो नाही.

टेम्पो माझा माणूस चालवत होता. मी मागे दादाचं डोकं धरून बसलो, वहिनी पायांशी. त्या माणसाला हळू चालवायला सांगितलं होतं आणि तो हळूच चालवत होता. पण टेम्पो तो टेम्पोच, दारं-चौकटी वाहायला घेतलेला. वसाहतीच्या फाटकाशी एक गतिरोधक, पुढे खोदून अर्धवट बुजवलेला रस्ता. तिथे दार एकदा उचललं गेलं आणि आपटलं. दादा ओरडला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "अरे, माझे पाय दारावर आहेत ना?"

वहिनीने त्याची दोन्ही पावलं हातांत घट्ट धरलेली होती. ती म्हणाली, "आहेत."

मोठ्या हॉस्पिटलात त्याच दिवशी ऑपरेशन झालं, सळ्या-स्क्रू बसवले. पाय परत आले नाहीत. तिथल्या सर्जनला मी विचारलं, हे प्रवासाने झालं का. तो म्हणाला, सांगता येत नाही, प्रवासाने झालं असेल, आतल्या सुजेनेही होतं, जागेवर पडून राहिलेल्या माणसालाही होतं. या वाक्यातला शेवटचा भाग मी घरी घेऊन आलो आणि पहिला तिथेच ठेवला.

दादाची नोकरी गेली, तसं क्वार्टरही गेलं. कोटरा सुल्तानाबादला मी तळमजल्याचं घर बघून दिलं. आणि त्या डॉक्टरविरुद्ध तक्रार केली. पत्रावर पत्रं लिहिली. इतकी लिहिली की शेवटी एक चौकशी अधिकारी कारकुनाला घेऊन दादाचा जबाब घ्यायला घरी आला.

आठ दिवस आधीपासून मी दादाला सांगत होतो की काय बोलायचं. डॉक्टर म्हणाला, गाडी नाही, न्यायचं तिथे न्या. बस, एवढंच. दादा ऐकून घ्यायचा. अधिकाऱ्याने विचारल्यावर तो छताकडे बघत म्हणाला, "डॉक्टर साहब ने रुकने को कहा था. हम नहीं रुके."

कारकुनाने लिहून घेतलं. मी उठून अंगणात गेलो.

ते गेल्यावर आत येऊन मी दादावर ओरडलो. आजारी माणसावर ओरडू नये एवढं ओरडलो. मी तुझ्यासाठी भांडतोय आणि तू त्याला सोडवलंस. तो म्हणाला, जे झालं ते सांगितलं. मग म्हणाला, "मला माहीत होतं, तुला खरंच न्यायचं नव्हतं. दुकानातून उठतोस तसा उठला होतास. मला वाटलं, पायऱ्यांपर्यंतच जाशील."

"मग बोलला का नाहीस?"

"तू भाव करत असताना मी मधे कधी बोललोय?"

तक्रार पुढे बंद झाली. मी वर अपील केलं, तेही बंद झालं. डॉक्टरवर माझा राग आहे तो आहेच. मी त्याच्या जागी असतो तर हाक मारली असती. गिऱ्हाईक हातचं जाताना दिसतं, पेशंट दिसू नये?

जबाबाच्या त्या दुपारी मी अजून काहीतरी बोलणार होतो, पण दादाला कुशीवर वळवायची वेळ झाली होती. वेळ चुकली की पाठीला जखमा होतात. वहिनी आतून हात पुसत आली आणि म्हणाली, "भाऊजी, धरता ना?" हे दोघांचं काम आहे. एकाने खांदे धरायचे, दुसऱ्याने कंबर आणि गुडघे, आणि सगळं अंग एकदम वळवायचं. तिने विचारलं, भिंतीकडे तोंड करू की इकडे. दादा म्हणाला, इकडे. आम्ही वळवलं. त्याचं तोंड माझ्याकडे आलं, हातभर अंतरावर. पाठीला उशी लावायची राहिली होती. ती घेऊन मी पलंगाच्या पलीकडे गेलो आणि गरजेपेक्षा जास्त वेळ लावत राहिलो.