काटेकाकांची नाडी

वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या माणसाचं स्वतःचं वजन एकशे अकरा किलो असावं, यावर बाजारात जेवढे विनोद होण्यासारखे होते, तेवढे काटेकाकांनी आधी स्वतःच करून टाकले होते. "मला पेलला तर काटा पास," असं दुकानदाराला सांगून ते खरोखरच वर चढून उभे राहत. चौतीस वर्षं त्यांनी हेच केलं. सोनाराचा असो की टपाल कचेरीतला, काटा उघडायचा, साफ करायचा, पेटीतली पितळी वजनं ठेवून तपासायचा आणि शिक्का मारायचा. त्यांनी तपासलेल्या काट्यावरून कधी कुणाचं भांडण झालं नाही.

पण बरेचसे काटे जमिनीवर असतात आणि त्यांच्यापुढे गुडघे टेकावे लागतात. काकांचा उजवा गुडघा इतका गेला होता, की खाली बसले की उठवायला दुकानातली दोन माणसं लागायची. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं, "गुडघा बदलू, पण आधी वजन शंभराच्या आत आणा." आणि आठवड्यातून एकदा पोटात टोचायचं इंजेक्शन लिहून दिलं.

ते टोचायचं काम काकूंकडे. "अहो, श्वास कसला रोखताय? मी काय खिळा ठोकतेय?" असं दर रविवारी एकदा व्हायचं. औषध लागू पडलं. दोनदा वाढून घेतल्याशिवाय ज्यांना जेवल्यासारखं वाटत नसे, ते काका अर्ध्या ताटावरून उठू लागले. चार महिन्यांत नऊ किलो गेले. काकूंनी विजारी आत घेतल्या आणि जिन्यात भेटेल त्याला तसं सांगितलंही.

मग डोस वाढला, आणि काकांच्या छातीत धडधड सुरू झाली.

बसल्या जागी व्हायची. बसच्या रांगेत व्हायची. तळवे घामेजायचे, आता आपलं काही खरं नाही असं वाटायचं. काट्यांवरचे बारीक आकडे बघायचं भिंग घेऊन त्यांनी औषधाच्या खोक्यातला कागद वाचून काढला. नाडी वाढू शकते, फार अस्वस्थ वाटल्यास डॉक्टरांना कळवा, असं त्यात लिहिलं होतं. पहिलं तेवढं डोक्यात पक्कं बसलं, दुसरं सोयीस्करपणे गळलं. ते नाडी मोजू लागले. शहाण्णव. परत मोजली, एकशे दोन. मोजली की घाबरायचे, घाबरले की आणखी वाढायची, की परत मोजायचे. खिशात आकड्यांच्या चिठ्ठ्या साठल्या.

आता हे सरळ कुणाला तरी सांगायला काय हरकत होती? पण नाही. डॉक्टरांना सांगितलं तर औषध बंद होणार, वजन परत चढणार, गुडघा तसाच राहणार, आणि ज्याला खाली बसता येत नाही अशा काटेवाल्याला कोण बोलावणार? हे सगळं गणित त्यांनी एकट्यानेच मांडलं आणि एकट्यानेच सोडवलं. काकूंनी विचारलं, "तोंड का असं उतरलंय?" की उत्तर ठरलेलं: "गुडघा." त्या एका गुडघ्यावर त्या महिन्यात काकांनी किती खापरं फोडली, त्याला हिशेब नाही.

एका सोमवारी लहान मुलांच्या दवाखान्यातून सिस्टरचा फोन आला. "काका, तुम्ही गेल्या आठवड्यात तपासलेला काटा जरा परत बघता का? तीन बाळांची वजनं वाढायची तर घटलीच आहेत."

"घटली?" काका म्हणाले, आणि पेटी उचलून निघाले.

बाकावर एक तरुण आई बाळाला उराशी धरून बसली होती. डोळे सुजलेले. "दूध पुरत नसेल म्हणून वरचं सुरू केलं," ती सिस्टरना सांगत होती. "सारखा हिच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजत बसते मी. आठ दिवस झाले, माझ्या घशाखाली घास उतरलेला नाही."

काकांनी काट्यावर पाच किलोचं वजन ठेवलं. काट्याने चार किलो नऊशे दाखवले. शेजारी शंभर ग्रॅमचं ठेवलं, तेव्हा कुठे पाच झाले. आणि काकांना गेला सोमवार लख्ख आठवला. आधी शंभर ग्रॅमचं ठेवून पाहिलं होतं, ते पारड्याच्या कोपऱ्यातच राहिलं. ते न उचलताच शेजारी पाच किलोचं ठेवलं आणि यंत्राला 'हे पाच' म्हणून शिकवलं. त्या वेळी त्यांची दोन बोटं स्वतःच्याच मनगटावर होती.

उन्हाने यंत्र बिघडलं म्हटलं असतं, तर कुणाला काही कळलं नसतं. काकांच्या ओठावर ते आलंही होतं. मग बाकावरच्या त्या पोरीचा हात दिसला, बाळाच्या छातीवर पसरलेला.

"बाळ ठणठणीत आहे," ते म्हणाले. "काटा चुकीचा आहे. आणि काट्याचीही चूक नाही, माझी आहे."

ती आई ताडकन उठली. "तुमची? आठ दिवस माझा जीव टांगणीला लागला होता! लक्ष कुठे होतं तुमचं?"

"नाडीत," काका म्हणाले, आणि मग जे सुटले ते थांबेचनात. इंजेक्शन, धडधड, चिठ्ठ्या, गुडघा, सगळं एका दमात. आईचा राग कुठल्या कुठे गेला. ती परत बाकावर बसली आणि बाजूला सरकून म्हणाली, "बसा आधी इथे."

सिस्टरनी त्यांचं मनगट धरलं आणि दटावलं, "चौतीस वर्षांत पहिली चूक, तीही चिठ्ठ्यांपायी! काकूंना सांगितलंत?"

"नाही."

"मग फोन लावा. आत्ता. माझ्यासमोर."

काकांनी फोन लावला, चार वाक्यं ऐकली, कान लाल करून घेतले. मग काटा नीट केला, पारडं तीनदा रिकामं आहे ना ते पाहिलं आणि बाळाला ठेवलं. पाच किलो साठ ग्रॅम, म्हणजे वाढलेलंच. "परत करा," आई म्हणाली. परत केलं. "अजून एकदा." तेही केलं. उरलेल्या दोन बाळांच्या घरी सिस्टरनी फोन केले, पण माफी काकांनी स्वतः मागितली.

संध्याकाळी काकू त्यांना घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. ईसीजी निघाला, रक्त तपासलं. हृदय ठीक होतं. "औषधानेही होत असेल, काळजीनेही," बाई म्हणाल्या. "डोस पहिल्याइतका करू. वजन सावकाश उतरेल, ऑपरेशन दोन महिने पुढे जाईल, एवढंच. पण हे मला महिन्यापूर्वी सांगायचंत ना!"

"गुडघा बोलू देत नव्हता यांना," काकू म्हणाल्या.

घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याचे खिसे उलटे केले आणि चिठ्ठ्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. "आता नाडी रविवारी, इंजेक्शनच्या वेळी. मोजणार मी. मधल्या दिवसांत बोट लावलंत तर याद राखा. आणि धडधडलं तर आधी मला सांगायचं."

रविवारी काकूंनी त्यांचं मनगट हातात घेतलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत मोजायला सुरुवात केली.

"ते घड्याळ मागे पडतं," काका म्हणाले.

"गप्प बसा. झाला ना घोळ! आता पहिल्यापासून मोजायला लागणार."

काकांनी हात काढून घेतला नाही.