प्रसाद घेतलेलं कबूतर

लालबागच्या आमच्या चाळीत सत्यनारायणाच्या पूजेला जादूगार बोलावणं म्हणजे त्याला वाघाच्या पिंजऱ्यात सोडणं. आदल्या वर्षीच्या जादूगाराला आम्ही दुसऱ्याच प्रयोगाला घरी पाठवलं होतं. यंदा आलेले गृहस्थ साठीचे, कोटाला अशी इस्त्री की कडेने सुपारी कातरावी. ते आपली टोपी ठेवून तोंड धुवायला गेले आणि तिच्या चोरकप्प्यातून कबूतर माझ्याकडे बघायला लागलं. पाहुणाच तो, म्हणून मी त्याला शिरा भरवला. आमच्या चाळीच्या शिऱ्याने दोन चमच्यांत पैलवान आडवा होतो.

ऐन प्रयोगात त्यांनी टोपी झटकली, पण कबूतर काही बाहेर येईना.

"काका, कबूतर रजेवर गेलं काय?" मागून आवाज आला.

त्यांनी टोपीत डोकावून कबुतराच्या चोचीला लागलेला शिरा पाहिला, ओठांवर बोट ठेवलं आणि कुजबुजले, "हळू. प्रसाद घेऊन झोपलंय."

मग तान्हं बाळ धरावं तशी टोपी धरून ते रांगेरांगेतून फिरले. अख्खी चाळ श्वास रोखून वाकून बघत होती. चोरकप्पा उघडाच होता. तो तीनशे माणसांच्या डोळ्यांसमोरून गेला, पण कुणालाच दिसला नाही.

निघताना मी शिऱ्याची कबुली दिली. ते हसले. "कबूतर कुणीही काढेल रे. लोकांनी श्वास रोखला पाहिजे."

पुढच्या वर्षी मंडळाने त्यांनाच बोलावलं. अट एकच घातली, कबूतर झोपलेलं हवं.