साखळीकाकांची फुलं

गल्लीत त्यांना सगळे साखळीकाका म्हणत. उभं आयुष्य कचेरीत कागदी घोडे नाचवण्यात गेलं आणि निवृत्त झाल्यावर ते बायकोच्या कामात शिरले. काकू लग्नाच्या हॉलसाठी कागदाची फुलं करायच्या. काकांच्या जाड बोटांना फुलं काही जमेनात, तेव्हा काकूंनी त्यांच्यापुढे रंगीत पट्ट्या आणि खळ सरकवली. "तुम्ही आपल्या साखळ्या करा. त्यात बिघडवण्यासारखं काही नाही."

दोघं समोरासमोर बसत. काकू बोलायच्या, काका हुंकार भरायचे.

मग काकू गेल्या. तापाचं निमित्त झालं. त्यानंतर पट्ट्या चिकटवताना काका मधूनच "हं" म्हणत आणि आपलेच चपापत.

हॉलचा मॅनेजर भला माणूस. काही महिने तो फिरकला नाही. मग एक दिवस दारात येऊन म्हणाला, "काका, एका लग्नाला तुमच्याकडचीच फुलं हवीत. मुलीच्या आईच्या लग्नातही काकूंचीच होती म्हणे. नाही म्हणून सांगू?"

"करतो," काका म्हणाले. का म्हणाले, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

लेकीने फोनवर खडसावलं, "बाबा, तुम्हाला फुलं कुठे येतात? कशाला हा उपद्व्याप?"

घोडं अडलं ते पाकळ्यांपाशी. पातळ कागदाचे थर, पंख्यासारख्या घड्या, मधे दोरा, इतकं त्यांनी रोज पाहिलेलं. पण त्यांची फुलं संध्याकाळपर्यंत माना टाकत. काकूंची महिनोन्‌महिने ताठ राहायची. कशी, ते विचारायचं राहूनच गेलं होतं. समोरच तर बसलीय, विचारू कधीतरी, असं वाटत राहिलं.

घरात तिच्या हातचं एकच फूल उरलं होतं, आरशाच्या खिळ्याला अडकवलेलं, पिवळं. काकांनी ते काढलं आणि बराच वेळ नुसतं मांडीवर धरून बसले. मग कात्रीच्या टोकाने दोरा सोडवला, एकेक पाकळी उलगडत गेले. अगदी आतला कागद बाकीच्यांपेक्षा बोटभर आखूड निघाला, आणि दुहेरी. वरचे सगळे थर त्याच्याच आधाराने उभे होते.

"असं होय!" ते मोठ्याने म्हणाले आणि उत्तराची वाट पाहिल्यासारखे थांबले.

ते फूल पुन्हा बांधायला गेले, तर जुना कागद घड्यांवर फाटला. काकू गेल्यावरही न रडलेले काका ते तुकडे हातात घेऊन ढसाढसा रडले.

लग्नाच्या सकाळी शिडीवर चढून त्यांनी स्वतः फुलं टांगली. मुलीची आई मान वर करून हॉलभर फिरली. "काकूंच्या हाताला तोड नाही! पण त्या कुठे दिसल्या नाहीत?"

काका शिडी मिटू लागले. "नाही आली ती," एवढंच ते म्हणाले.

"फार सुंदर झालीत, सांगा हं त्यांना."

"सांगतो."

पाहुणे जमू लागले, तसे ते मागच्या दाराने निघाले. "अहो, जेवून तरी जा," म्हणत मॅनेजर मागे धावला, पण काका थांबले नाहीत. घरी येऊन त्यांनी लेकीला फोन लावला.

"आईची फुलं ताठ का राहायची, कळलं मला."

"बाबा, मी कामात आहे. मग करते हं फोन."

"बरं," काका म्हणाले. मग त्यांनी हात धुतले आणि आपल्या एकट्यापुरता भात टाकला.