बाराव्या होलवरचं अंतर

आधीच सांगते, असे अनुभव मी ऑफिसात डबा खाताना टाइमपास म्हणून वाचते. भुतंखेतं, करणी, अतृप्त आत्मे... कशावरच कधी विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर अजूनही नाहीये. मी सिव्हिल इंजिनिअर. मोजता येईल तेवढंच खरं मानते. पंचाईत अशी की आता जे सांगणार आहे ते मी स्वतः मोजलंय.

सप्टेंबर २००६. आम्ही तेव्हा अमेरिकेत, बेलव्ह्यूला राहत होतो. मला गोल्फचा नाद लावला देशकर काकांनी — मूळचे नागपूरचे, सत्तरच्या दशकात इकडे आलेले भूलतज्ज्ञ, नुकतेच रिटायर झालेले. काका आणि मी गोल्फ संघटनेचे व्हॉलंटियर म्हणून गोल्फ कोर्स तपासायला जायचो. प्रत्येक होलची, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेपासून झेंड्यापर्यंतची, लांबी मोजायची, वारा, उतार, वाळूचे खड्डे बघायचे आणि कोर्स किती अवघड आहे याचा रिपोर्ट द्यायचा.

त्या खेपेला ओरेगॉनच्या किनाऱ्यावरचा एक छोटा लिंक्स कोर्स आमच्या वाट्याला आला. लिंक्स म्हणजे समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांवरचा कोर्स — झाडं नाहीत, नुसतं गवत आणि वारा. कुंपणापलीकडे मोठ्या चॅम्पियनशिपचा नावाजलेला कोर्स. तिकडे पार्किंगला जागा नाही, इकडे आमची एकटीच गाडी. मालकीण डोरोथी, सत्तरीची. शेजारचे तिची जमीन मागत होते. "चांगलं रेटिंग मिळालं तर लोक येतील, नाहीतर हिवाळ्यात विकून टाकेन," असं तिनं कॉफी देताना सरळ सांगून टाकलं.

कोर्स झकास होता. अकरा होल होईपर्यंत काका चारदा म्हणाले, "तिथं नाव आहे पोरी, इथं गेम आहे."

दुपारचे दोन वाजले असतील. लख्ख ऊन, धुक्याचा मागमूस नाही. बारावा होल सरळ, मध्ये जरा खोलगट, पलीकडे ग्रीनवर, म्हणजे बारीक कापलेल्या हिरवळीवर, झेंडा. कार्डावर अंतर १७१ यार्ड. मी लेझरचं यंत्र डोळ्याला लावलं, झेंड्यावर धरून बटण दाबलं.

१४३.

म्हटलं, मधलं गवत पकडलं असेल. परत दाबलं. १३८. पुन्हा — १३१. झेंडा समोर स्वच्छ दिसत होता आणि मध्ये काहीही नव्हतं.

"काय करून राहिली गं?" काका म्हणाले.

"काका, यंत्र बिघडलं वाटतं. आकडा कमी कमी होतोय."

त्यांनी स्वतःचं यंत्र काढलं. वेगळ्या कंपनीचं, वेगळी बॅटरी. दाबलं, पुन्हा दाबलं.

"किती?" मी विचारलं.

"एकशे बारा... एकशे पाच."

माझ्याकडे १०३. मग ९६. ८८. माणूस रमतगमत चालत यावा, त्या गतीनं. मी थोडं उजवीकडे धरलं तर मागच्या टेकडीचं अंतर बरोब्बर यायचं. सरळ झेंड्याकडे धरलं की ६४. ५१. माझं बटण दाबणं काही थांबत नव्हतं.

तीसच्या आत आकडा आला तेव्हा काकांनी यंत्र खाली घेतलं. माझा दंड धरून मला चार पावलं बाजूला ओढलं. मग डोक्यावरची टोपी काढली आणि हातानं खूण केली — मागून वेगात खेळत येणाऱ्यांना आपण करतो ना, 'या, तुम्ही पुढे व्हा', तशी.

काहीच जाणवलं नाही. ना गारवा, ना वास, ना पावलांचा आवाज. गवत वाऱ्यानं जेवढं हलत होतं तेवढंच हललं.

मी वळून मागे, कुंपणाच्या दिशेनं यंत्र धरलं. १४. २१. २९... पलीकडच्या कोर्सवर चौघं हसत खेळत होते. ४० नंतर एकदम कुंपणापलीकडच्या टेकडीचा आकडा आला. झेंड्याकडे वळून पुन्हा तीनदा मोजलं. तिन्ही वेळा १७१.

डोरोथीला मी यंत्रं जरा विचित्र वागली, एवढंच सांगितलं. तिनं विचारलं, "बाराव्याला?" मी मान हलवली.

"डिड यू लेट देम थ्रू?"

"येस."

"गुड," म्हणाली आणि कप विसळायला आत गेली.

रिपोर्टमध्ये मी यातलं काही लिहिलं नाही. कोर्स खरंच उत्तम होता, तसं लिहिलं. २००८ मध्ये आम्ही देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅरीला शिफ्ट झालो, तोपर्यंत तरी तिनं तो विकला नव्हता. दोन्ही यंत्रं कंपन्यांकडे पाठवून तपासून घेतली. दोष नाही. माझा नवरा नितीन म्हणतो, "खारट हवा, गरम वाळू, वाफ... काहीतरी असेल यार." असेलही. पण वाफ चालत येते का?

एक गोष्ट मात्र मी नितीनलाही सांगितलेली नाही. परतताना काका ड्राइव्ह करत होते. पोर्टलंडच्या जवळ आल्यावर मी धीर करून विचारलं, "काका, टोपी का काढलीत?"

त्यांनी उलट मलाच विचारलं,

"तुला काय दिसत होतं?"

"नुसते आकडे."

"मग बरं आहे," काका म्हणाले.