सुई ओवता येते का?

डॉक्टरबाईंचा दवाखाना बेकरीच्या वरच्या मजल्यावर. सर्दी-पडसं, गोवर, साखर, रक्तदाब, सगळं त्यांनी तिथेच निभावलं. कॅन्सरपुढे मात्र त्या हात टेकायच्या. नुसती शंका आली, तरी पेशंटला चिठ्ठी देऊन मोठ्या हॉस्पिटलात धाडायच्या. पुढे त्या माणसाला काय औषध मिळतं, घरी येऊन तो ते कसं सोसतो, हे त्यांना कधी धड कळायचंच नाही. आणि न कळलेली गोष्ट बाईंना स्वस्थ बसू देत नसे.

त्या हॉस्पिटलाने फॅमिली डॉक्टरांसाठी वर्ग काढलेत, हे कानावर येताच बाईंनी नाव घातलं.

"साठी उलटल्यावर शाळा?" नवऱ्याने चिडवलं.

"दप्तर तुम्ही उचला, म्हणजे झालं!"

शिकवणारी डॉक्टर त्यांच्या धाकट्या सुनेच्या वयाची. बाई पहिल्या बाकावर बसून तिला भंडावून सोडायच्या. केमो चालू असताना ताप आला, तर गोळी देऊन घरी का पाठवायचं नाही? तोंड सोलवटलं तर जेवायचं काय? एकदा म्हणाल्या, "माझे पेशंट 'बरंय' एवढंच बोलतात. मग त्रास कळायचा कसा?"

"'कसं आहे' विचारलं की 'बरंय'च येणार, मॅडम. रोजचं कुठलं काम आता जमत नाही, ते विचारा."

पुढच्याच आठवड्यात शिंपीकाका आले. त्यांची केमो चालू होती, पण बाईंकडे ते फक्त रक्तदाब बघायला यायचे.

"कसं काय?"

"बरंय की."

दंडाला पट्टा गुंडाळता गुंडाळता बाई थांबल्या. "सुई ओवता येते का?"

काका चपापले. "हिने सांगितलं वाटतं?"

"कोणी नाही. मीच विचारतेय."

"नाही येत. डोळे गेले माझे. दोनदा चष्मा बदलला, तरी तेच. आता ही ओवून देते."

बाईंनी त्यांना डोळे मिटायला लावले आणि चिमटीत पेनाचं टोपण ठेवलं. "काय आहे?"

काका चाचपत राहिले. "दिलंयत का काही?"

"डोळे ठणठणीत आहेत, काका. बोटं बधिर झालीत. केमोने होतं असं. तिथे का नाही बोललात?"

"तिथे कॅन्सरचं विचारतात. चष्म्याचं गाऱ्हाणं कशाला सांगायचं?"

बाईंनी त्यांच्यासमोरच त्या तरुण डॉक्टरला फोन लावला. पुढच्या खेपेला तिथे काकांची बोटं तपासली गेली, औषध बदललं. उपचार संपले, आजार आटोक्यात आला. बोटांच्या टोकांना मुंग्या राहिल्या, पण काका पुन्हा कापड बेतायला लागले. बारीक टाके अजून बायकोच घालते.

बाईंना मात्र नादच लागला. परवा केमो घेणारा पोस्टमन भर बाजारात दिसला, तर तिथेच त्याला गाठून म्हणाल्या, "जिना चढताना मध्ये थांबावं लागतं का?"

"डॉक्टरबाई, भाजी तरी घेऊ द्या!"

"घे ना," बाई म्हणाल्या. त्याची पिशवी धरून त्या उत्तराची वाट बघत उभ्या राहिल्या.